एका कागदावर अनेक पानं: छोट्या पुस्तिका घरच्या प्रिंटरवर कशा छापायच्या

गणपती जवळ आले की सोसायटीच्या ग्रुपवर आरत्यांची पीडीएफ फिरायला लागते. ए-फोर आकाराची पंधरा-सोळा पानं. कुणीतरी ती जशीच्या तशी छापतं, कोपऱ्यात पिन मारतं आणि आरतीच्या वेळी एका हातात टाळ, दुसऱ्या हातात फडफडणारा गठ्ठा अशी कसरत सुरू होते. स्पर्धा परीक्षेची मुलं नेमकं उलट करतात. एका कागदावर नऊ-नऊ पानं कोंबून छापतात. कागद वाचतो, पण अनुस्वार कुठे आहे आणि शाईचा ठिपका कुठला, हे शेवटपर्यंत कळत नाही.

दोन्हीकडे अडचण एकच असते. सॉफ्टवेअर उघडून 'एका कागदावर किती पानं' हा प्रश्न आधी विचारला जातो. माझं ठाम मत आहे की तो प्रश्न शेवटचा. हातात येणारं पान केवढं हवं आणि त्यावरचं अक्षर कोण, कुठे, कशा उजेडात वाचणार, हे आधी ठरवायचं. ते ठरलं की सॉफ्टवेअरचं काम दहा मिनिटांचं आहे. खाली आरतीची १६ पानांची खिशात मावणारी पुस्तिका हे उदाहरण धरून सगळं सांगतो. अभ्यासाची टिपणं, भजनी मंडळाची पदं, सहलीचं वेळापत्रक, काहीही असलं तरी पद्धत हीच.

पायरी १: कागदाचा हिशेब समजून घ्या

ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. तो मधोमध दुमडला की ए-फाइव्ह होतो, १४८ × २१०. तो पुन्हा दुमडला की ए-सिक्स, १०५ × १४८. ए-सिक्स म्हणजे सदऱ्याच्या खिशात किंवा पर्समध्ये सहज जाणारा आकार. या मालिकेतल्या प्रत्येक कागदाची लांबी आणि रुंदी यांचं गुणोत्तर एकच आहे, दोनाचं वर्गमूळ, म्हणजे साधारण १.४१. म्हणून कागद अर्धा केला तरी त्याचा तोंडवळा बदलत नाही, आणि पान लहान करून छापताना कडेला उगाच पट्टे मोकळे राहत नाहीत. जर्मनीत १९२२ साली वॉल्टर पोर्स्टमान यांनी हे माप प्रमाण म्हणून बसवलं आणि पुढे ते जगभर गेलं.

यातूनच लहान करण्याचे आकडे निघतात. ए-फोरवर दोन पानं बसवली तर प्रत्येक पान मूळच्या ७१ टक्के होतं. झेरॉक्स मशीनवर ७१ टक्क्यांचं तयार बटण असतं ते याचसाठी. चार पानं बसवली तर ५० टक्के, नऊ बसवली तर ३३ आणि सोळा बसवली तर २५ टक्के.

आता अक्षराकडे बघा. बहुतेक पीडीएफमध्ये मजकूर १२ पॉइंटचा असतो. दोन पानं एका बाजूवर घेतली तर तो साडेआठ पॉइंटचा होतो, चार घेतली तर ६, नऊ घेतली तर ४. इंग्रजी मजकूर ६ पॉइंटमध्येही डोळे ताणून वाचता येतो. देवनागरीला ते झेपत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वारासाठी जागा लागते, खाली उकारासाठी लागते, म्हणून त्याच पॉइंटमध्ये अक्षराचा मुख्य भाग इंग्रजीपेक्षा लहान पडतो. शिवाय जोडाक्षरं. 'द्ध', 'द्य' आणि 'द्व' यांतला फरक एका छोट्याशा गाठीचा किंवा रेघेचा असतो, आणि लहान आकारात तीच पहिल्यांदा बुजते.

माझा आडाखा असा: टेबलावर बसून, चांगल्या उजेडात, तरुण डोळ्यांनी वाचायचं असेल तर छापलेलं अक्षर ९ पॉइंटच्या खाली नेऊ नका. संध्याकाळी निरांजनाच्या आणि रोषणाईच्या मिणमिणत्या उजेडात, उभ्याने, आजी-आजोबांनी वाचायचं असेल तर १२ ते १३. ८ पॉइंटच्या खाली मराठी मजकूर छापण्यात अर्थ नाही, कागद कितीही वाचत असला तरी.

पायरी २: पान लहान करू नका, लहान पान बनवा

हीच या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा थांबू.

ए-फोरवर मांडलेला मजकूर अर्धा करून छापला की अक्षर तर अर्धं होतंच, समासही अर्धे होतात, ओळी तितक्याच लांब वाटतात आणि पान गजबजतं. त्यापेक्षा मजकूर सुरुवातीलाच शेवटच्या आकाराच्या पानावर मांडा. वर्ड किंवा लिबरऑफिस रायटरमध्ये नवीन फाइल उघडा, पानाच्या मांडणीत जाऊन कागदाचा आकार ए-सिक्स निवडा. यादीत तो नसेल तर रुंदी १०५ आणि उंची १४८ मिलिमीटर हाताने भरा. समास आतल्या बाजूला ११-१२ मिलिमीटर, बाकी तिन्ही बाजूंना ८. घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, चार-पाच मिलिमीटर सोडतात, त्यामुळे ८ पेक्षा कमी समास ठेवलात तर अक्षरं कापली जाण्याची भीती. आता मजकूर चिकटवा आणि १२ पॉइंट ठेवा. स्क्रीनवर दिसतंय ते तसंच्या तसं, त्याच मापात कागदावर येणार आहे. पुढे कुठेही अर्धं-पाव करायचं नाही.

फॉन्ट ठसठशीत आणि मोकळा घ्या. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्त, गूगलचा नोटो सान्स देवनागरी, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, हे तिन्ही फुकट मिळतात. विंडोजमधला कोकिळा दिसायला सुंदर आहे, पण त्याच पॉइंटमध्ये तो इतरांपेक्षा बराच लहान दिसतो. तो वापरायचा असेल तर पॉइंट वाढवा. ओळींमधलं अंतर १.२ ते १.३ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो.

मग एक चाचणी पान छापा. त्यावर एवढीच ओळ घाला: बुद्धी, विद्या, द्वार, शृंगार, सूर्य, गुरूंना, चिंतामणी. एकदा ११ पॉइंटमध्ये, खाली १२ मध्ये, त्याखाली १३ मध्ये. हा कागद घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातात द्या, दिवाणखान्यातला मोठा दिवा बंद करा आणि वाचायला सांगा. ते ज्या ओळीवर अडखळत नाहीत ती तुमची ओळ. इथे अंदाज चालवण्यापेक्षा एक कागद खर्ची घालणं केव्हाही बरं.

पदांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. ए-सिक्सवर लांब ओळ मावली नाही तर सॉफ्टवेअर ती कुठेही मोडतं आणि शेवटचा एकच शब्द खाली लोंबकळतो. अशा ओळी स्वतः, यतीपाशी, म्हणजे गाताना जिथे श्वास घेतो तिथे तोडा आणि दुसरा तुकडा थोडा आत सरकवा. आणि दोन पानं लागणारी आरती नेहमी सम क्रमांकाच्या पानावर सुरू करा. पुस्तिकेत सम पान डावीकडे येतं आणि विषम उजवीकडे, म्हणजे सगळी आरती उघड्या पुस्तिकेत समोरासमोर दिसते. टाळ्या वाजवता वाजवता पान उलटावं लागत नाही. छापील आरतीसंग्रहांतही ही काळजी दर वेळी घेतलेली नसते. घरी करताना ती घेता येते.

पायरी ३: पानांची संख्या चारच्या पटीत आणा

मधोमध दुमडलेल्या एका कागदावर चार पानं होतात, दोन पुढे आणि दोन मागे. म्हणून पुस्तिकेची पानं ८, १२, १६, २० अशीच असतात. तुमची १३ झाली तर सॉफ्टवेअर शेवटी तीन कोरी जोडून १६ करेल. ती शेवटी गोळा होण्यापेक्षा तुम्हीच वाटून टाका: पहिलं पान मुखपृष्ठ, शेवटचं मलपृष्ठ, आणि एक पान रेघा मारून मोकळं, हाताने एखादं पद उतरवून घ्यायला.

पायरी ४: पीडीएफ करा

वर्डमधून किंवा रायटरमधून थेट छापू नका, आधी पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो. वर्डची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात गेलात आणि तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तर ओळी सरकतात, पानं वाढतात आणि चारच्या पटीचा हिशेब कोलमडतो. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल तर त्याची सरळ बाराखडीबाहेरची चिन्हं होतात. पीडीएफ झाल्यावर ती उघडून प्रत्येक पान एकदा डोळ्यांखालून घाला.

नुसती टिपणं छापायची असतील तर

पुस्तिका नको, फक्त वाचण्यापुरती पानं दाटीने हवीत, तर इथूनच आडवाट आहे. पीडीएफ क्रोम ब्राउझरमध्ये उघडा, कंट्रोल आणि पी दाबा, 'मोअर सेटिंग्ज' उघडून 'पेजेस पर शीट'मध्ये २ किंवा ४ निवडा. झालं. काहीही बसवावं लागत नाही. थोडा जास्त ताबा हवा असेल तर अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत 'मल्टिपल' हे बटण आहे. तिथे पानांची संख्या, क्रम आडवा की उभा आणि प्रत्येक पानाभोवती चौकट हवी का, हे ठरवता येतं. चौकट घ्याच. एका बाजूवर चार पानं असली की नजर शेजारच्या पानात घसरते, ती चौकटीमुळे घसरत नाही. वर्डमध्येही प्रिंटच्या तळाशी 'वन पेज पर शीट' लिहिलेलं असतं, तिथे दाबलं की २, ४, ६, ८, १६ असे पर्याय उघडतात.

व्याख्यानाच्या स्लाइड असतील तर एका बाजूवर सहा चालतात, कारण स्लाइडवरची अक्षरं मुळातच मोठी असतात. सलग मजकुराला दोनच.

पायरी ५: पुस्तिकेचा क्रम सॉफ्टवेअरवर सोपवा, पण तो ओळखायला शिका

दुमडून मधोमध पिन मारायची पुस्तिका असली की पानं सरळ क्रमाने छापून चालत नाही. पहिल्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५. दुसऱ्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. तिसऱ्यावर १२ आणि ५, मागे ६ आणि ११. चौथ्यावर १० आणि ७, मागे ८ आणि ९. शेजारी-शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकने जास्त, इथे १७. ही बेरीज लक्षात ठेवा. छापून आलेला कुठलाही कागद उचलला आणि बेरीज जमली नाही तर काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं, पन्नास प्रती छापून झाल्यावर नाही.

छापखान्यात पानांची अशी मांडणी करण्याला इम्पोझिशन म्हणतात आणि तिथे मोठ्या कागदावर सोळा-सोळा पानांचे फॉर्म लावतात. आपण त्याचंच घरगुती रूप करतोय.

अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंट खिडकीतलं 'बुकलेट' बटण दाबा. 'बुकलेट सबसेट'मध्ये 'बोथ साइड्स' निवडा आणि बांधणी डावीकडे ठेवा. बाकी क्रम तो स्वतः लावतो. लिबरऑफिसमध्ये प्रिंट खिडकीत 'ब्रोशर' नावाचा पर्याय आहे, त्याचंही काम तेच. वर्डमध्ये पानाच्या मांडणीत 'मल्टिपल पेजेस'खाली 'बुक फोल्ड' असतं. ते मात्र मजकूर टाइप करण्याआधी निवडा, कारण निवडल्यावर पान निम्मं होतं आणि सगळी मांडणी नव्याने पडते.

पहिल्यांदाच करत असाल तर ए-फाइव्ह पानांची पुस्तिका करा, ए-फोरवर दोन-दोन पानं. ती हाताखालून गेली की मग ए-सिक्सकडे वळा.

पायरी ६: पाठपोट छपाई

सगळ्यात जास्त कागद इथे वाया जातो. प्रिंटर पाठपोट छापणारा असेल तर तो विचारतो: 'फ्लिप ऑन लाँग एज' की 'शॉर्ट एज'. कागद कुठल्या कडेवर उलटायचा, लांब की आखूड. नियम सोपा आहे: पुस्तिकेची घडी ज्या कडेला समांतर, ती कड निवडायची. ए-फोर आडवा धरून मधोमध दुमडून ए-फाइव्ह पुस्तिका करताना घडी आखूड कडेला समांतर असते, म्हणून शॉर्ट एज. चुकून लाँग एज निवडलं तर प्रत्येक कागदाची मागची बाजू उलटी, डोकं खाली अशी येते.

प्रिंटर एकाच बाजूला छापणारा असेल तरी काम होतं. रीडरमध्ये आधी 'फ्रंट साइड ओन्ली' छापा, गठ्ठा पुन्हा ट्रेमध्ये ठेवा आणि 'बॅक साइड ओन्ली' छापा. गठ्ठा कसा ठेवायचा, छापलेली बाजू वर की खाली, वरची कड आत की बाहेर, हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं असतं. एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने बाण काढा, बाणाचं टोक प्रिंटरच्या आत जाणाऱ्या दिशेला आणि बाणाची बाजू वर ठेवून एक पान छापा. मजकूर बाणाच्या बाजूला आला का मागच्या, आणि बाणाच्या दिशेने आला का उलटा, हे बघून घ्या आणि प्रिंटरच्या झाकणावर चिठ्ठी लावून ठेवा. पुढच्या वेळी घरातल्या कुणालाही ते करता येईल.

इंकजेट प्रिंटर असेल तर पहिली बाजू छापल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. शाई ओलसर असताना गठ्ठा परत घातला तर कागद चिकटून दोन-दोन आत जातात, आणि एकदा एक कागद चुकला की त्यामागची सगळी पानं चुकतात. पाठकोरे कागद पुस्तिकेला चालत नाहीत हे उघड आहे, पण चाचणीला तेच वापरा.

कागद ७५ किंवा ८० जीएसएमचा घ्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). ७० चा स्वस्त पडतो, पण त्यातून मागची अक्षरं झिरपल्यासारखी दिसतात, आणि लहान अक्षरात तो त्रास जास्त जाणवतो.

पायरी ७: ए-फोरमधून ए-सिक्सच्या दोन प्रती

आता मूळ उदाहरण. ए-सिक्स पानांची पुस्तिका म्हणजे दुमडलेले ए-फाइव्ह कागद. घरात ए-फाइव्ह कागद नसतात, म्हणून एका ए-फोरवर एकाखाली एक असे दोन ए-फाइव्ह छापायचे आणि मधोमध कापायचे. दोन्हीकडे तोच मजकूर छापला की कापल्यावर आपोआप दोन प्रती तयार होतात आणि जुळवाजुळवीचा घोळ राहत नाही.

हे दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात रीडरच्या प्रिंट खिडकीत प्रिंटर म्हणून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा, कागद ए-फाइव्ह करा, 'बुकलेट' आणि 'बोथ साइड्स' घ्या आणि छापा. कागद बाहेर येत नाही, नवी पीडीएफ तयार होते: आडवी आठ पानं, प्रत्येकावर दोन ए-सिक्स पानं, क्रम पुस्तिकेचा. तिला 'आरती-जोडी' असं काहीतरी नाव द्या, म्हणजे मूळ फाइलशी गल्लत होणार नाही.

दुसऱ्या टप्प्यात ही नवी फाइल उघडा. 'मल्टिपल' घ्या, कागद ए-फोर उभा, 'कस्टम'मध्ये असं मांडा की पूर्वदृश्यात दोन पानं एकाखाली एक दिसतील. पानांच्या रकान्यात 'ऑल' ऐवजी हाताने लिहा: १,१,२,२,३,३ असं ८,८ पर्यंत, आकडे अर्थात इंग्रजी कळांनी. तोच क्रमांक दोनदा लिहिला की रीडर ते पान दोनदा घेतो. पाठपोट छपाईत या वेळी लाँग एज निवडा. कागद उभा आहे आणि घडी त्याच्या लांब कडेला समांतर पडणार आहे, म्हणजे नियम तोच, उत्तर वेगळं.

'मल्टिपल' छापताना प्रिंटरच्या न छापल्या जाणाऱ्या कडेमुळे पान किंचित आक्रसतं. ते नको असेल तर हा दुसरा टप्पाही 'प्रिंट टू पीडीएफ'मध्येच करा आणि तयार झालेली ए-फोर पीडीएफ शेवटी 'अ‍ॅक्चुअल साइज' निवडून छापा. दुकानात न्यायची असेल तर हीच फाइल न्या.

हिशेब करा: १६ पानांच्या दोन प्रतींना चार ए-फोर कागद. शंभर प्रतींना दोनशे, म्हणजे ५०० कागदांचं रीम निम्मंही संपत नाही. तीच १६ पानं एकेका ए-फोरवर एकबाजूने छापली असती तर शंभर प्रतींना सोळाशे कागद लागले असते. आणि इथे अक्षर १२ पॉइंटचंच आहे, कुठेही लहान केलेलं नाही.

दुकानात काय सांगायचं

जास्त प्रती असतील तर झेरॉक्सच्या दुकानातलं लेझर मशीन घरच्यापेक्षा स्वस्त पडतं आणि अक्षर कोरीव येतं. तिथे तीन गोष्टी स्पष्ट सांगा: कागद ए-फोर, 'फिट' नको 'अ‍ॅक्चुअल साइज' हवं, आणि पाठपोट लाँग एजवर. संगणकावर कागदाचा आकार कधीकधी अमेरिकेतला लेटर असा राहिलेला असतो. तो २१६ × २७९ मिलिमीटरचा, म्हणजे ए-फोरपेक्षा रुंद आणि बुटका. त्याने समास बिघडतात आणि मधला काप चुकीच्या ठिकाणी जातो. आधी एकच संच काढून घ्या, तिथेच दुमडा, पानं उलटून बघा, मग बाकीचे सांगा. घाईच्या दिवसांत दुकानदार कुरकुर करेल, पण त्या एका संचाचे पैसे देऊन टाका. छपाईत वेलांट्या किंवा जोडाक्षरं तुटलेली दिसली तर रीडरच्या प्रिंट खिडकीत 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिंट अ‍ॅज इमेज' वर खूण करा. छपाई जरा हळू होते, पण स्क्रीनवर दिसतं तेच कागदावर येतं.

पायरी ८: कापणं, दुमडणं, शिवणं

कापायचं काम दुकानातल्या कटरवर करून घेतलं तर उत्तम. घरी करायचं तर पोलादी पट्टी आणि कटर, एका वेळी चार-पाच कागद, त्याहून जास्त नाही. कैचीने कापलेली कड नागमोडी येते.

घडी घालताना चारही कागद एकत्र दुमडू नका. एकेक दुमडा, घडीवरून पट्टीची पाठ किंवा चमच्याचा दांडा दाबून फिरवा आणि मग एकात एक घाला. मधे ८ आणि ९ यायला हवेत.

नेहमीचा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. लांब हाताचा मिळाला तर प्रश्नच नाही. नसेल तर स्टेपलर पूर्ण उघडा, पुस्तिका उघडी करून पालथी थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवा, घडीवर वरून पिन दाबा, पुस्तिका अलगद उचला आणि आत आलेली टोकं चमच्याने दुमडा. देवघरातल्या पुस्तिकेला मला दोरा जास्त आवडतो: घडीवर दाभणाने तीन भोकं, मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर, आणि दोन्ही टोकांची लांब टाक्यावरून गाठ. पिनेसारखा गंज चढत नाही आणि लहान मुलांच्या बोटांना टोचत नाही.

पानं वाढली की एक अडचण येते. ७५ जीएसएमचा एक कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. २० कागद, म्हणजे ८० पानं, एकात एक घातली की सगळ्यात आतला कागद सुमारे दोन मिलिमीटर बाहेर डोकावतो, आणि तो कापून सारखा केला तर आतल्या पानांचा बाहेरचा समास कमी होतो. म्हणून ६० च्या पुढे पानं गेली तर १६-१६ पानांचे वेगळे जुडगे करा. प्रत्येक जुडगा वेगळी पुस्तिका समजून छापा, आणि बायंडिंगवाल्याकडे एकत्र शिवून घ्या.

आणखी काही साधनं

विंडोजवर फाइनप्रिंट नावाचं जुनं, मुरलेलं सॉफ्टवेअर आहे. ते प्रिंटर म्हणूनच यादीत दिसतं, कुठल्याही प्रोग्राममधून त्याला छापायला सांगा, ते पानं गोळा करून दोन, चार, आठ किंवा पुस्तिका अशी मांडून दाखवतं, आणि नको ती पानं तिथेच काढून टाकता येतात. ते विकत घ्यावं लागतं, चाचणी आवृत्तीत पानाच्या तळाशी त्यांची ओळ छापून येते. रोज छपाई करणाऱ्या कार्यालयाला ते परवडतं, वर्षातून एकदा आरती छापणाऱ्याला त्याची गरज नाही.

लिनक्सवाल्यांची तर चैन आहे. तिथली छपाईची सीयूपीएस यंत्रणा स्वतःच एका बाजूवर २, ४, ६, ९ किंवा १६ पानं बसवते. पीडीएफ अरेंजरमध्ये पानं माऊसने सरकवता येतात आणि पुस्तिकाही करून मिळते. टर्मिनलची सवय असेल तर पीडीएफजॅम बघा. त्याच्याही आधीची, अँगस डगन यांची पीएसयूटिल्स ही साधनं अजून चालतात. नुसता साधा मजकूर, उदाहरणार्थ प्रोग्रामचा कोड, छापायचा तर ए-टू-पीएस काहीही न सांगता एका आडव्या कागदावर दोन पानं मांडतं.

पीडीएफ चढवली की पुस्तिका करून देणाऱ्या वेबसाइटही पुष्कळ आहेत. आरती चढवायला हरकत नाही. सभासदांची यादी, फोन नंबर, देणग्यांचा तपशील असलेली फाइल मात्र तिथे देऊ नका.

एकाच कागदाची आठपानी

पिन नाही, दोरा नाही, पाठपोटही नाही, अशी एक पद्धत शेवटी सांगतो. सहलीचं वेळापत्रक किंवा लग्नातल्या कार्यक्रमांची यादी यासाठी ती फार कामाची. ए-फोर आडवा धरा आणि त्याचे चार उभे रकाने, दोन ओळी असे आठ चौकोन कल्पा. खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ ही पानं सरळ. वरच्या ओळीत डावीकडून ५, ४, ३, २ ही उलटी, डोकं खाली. या चौकोनांच्या रेघांवर सगळ्या घड्या घालून कागद उघडा. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन रकान्यांपुरता काप द्या, कडेचे दोन रकाने तसेच जोडलेले राहू द्या. आता कागद लांबीत अर्धा दुमडा आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. मधला काप उघडतो, चार पंख तयार होतात, ते १ क्रमांक वर राहील असे एका दिशेला वळवा. मांडणी हाताने करायची तर लिबरऑफिस ड्रॉमध्ये आठ चौकटी काढून वरच्या चार १८० अंशांत फिरवा आणि ती फाइल साचा म्हणून जपून ठेवा. पुढच्या वेळी फक्त मजकूर बदलायचा. प्रत्येक पान ७४ × १०५ मिलिमीटरचं होतं, तेव्हा एका पानावर १० पॉइंटच्या दहा-बारा ओळींपेक्षा जास्त घालू नका, आणि बस कुठून किती वाजता सुटणार हे पान १ वरच ठेवा.